सैल करणारी गाठ

स्वयंपाकघरातलं मीठ तव्यावर कितीही तापवलं तरी तडतडतं, वितळत नाही. ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि तेवढी आच घरच्या तव्यापर्यंत पोचत नाही. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अगदी शिस्तीत बसलेले असतात. विरुद्ध प्रभारांची ही ओढ मोडायची तर भट्टीच हवी. त्यामुळे ‘मीठ’ म्हणजे घन, कडक, उष्णतेला दाद न देणारा पदार्थ, अशी रसायनशास्त्रातही समजूत होती. १९१४ साली पॉल वाल्डेन यांनी एथिल अमोनियम नायट्रेट या मिठाची नोंद केली. एथिल अमाइन हा अल्क आणि नायट्रिक आम्ल यांच्यापासून बनणारं हे मीठ त्यांच्या मोजणीनुसार १२ अंशांना वितळत होतं. म्हणजे पुण्यातल्या थंडीच्या एखाद्या पहाटे ते जेमतेम गोठेल आणि ऊन वर येताच पुन्हा पातळ होईल. त्यात पाण्याचा थेंबही नाही. हे मिठाचं पाणी नव्हे. हे मीठच द्रवरूपात आहे, आणि त्यात धन आणि ऋण आयनांखेरीज दुसरं काही नाही.

अशा मिठांना आज आयनिक द्रव म्हणतात. १०० अंशांच्या खाली वितळतं ते मीठ या वर्गात बसवायचं, असा संकेत आहे. ही मिठं एवढ्या कमी तापमानाला का वितळतात, याचं नेहमीचं उत्तर असं, की त्यांचे आयन मोठे आणि बेडौल असतात. सोडियम आणि क्लोराइड हे गोट्यांसारखे गोल, म्हणून ते नीट रचले जातात. आयनिक द्रवातल्या धन आयनाला मात्र लांब शेपूट असते, त्याची एक बाजू चपटी असते आणि प्रभार पसरलेला असतो. अशा तुकड्यांची रास नीट लागत नाही, त्यामुळे स्फटिक बनायला तयार नसतो. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. जवळपास त्याच आकाराचे, तेवढाच प्रभार असलेले दोन आयन घेतले आणि त्यांच्यात फक्त एका हायड्रोजनचा फरक ठेवला, तर द्रवाचा दाटपणा अडीचपट बदलू शकतो, आणि तोही अपेक्षेच्या नेमका उलट दिशेने. हा फरक समजून घ्यायचा तर हायड्रोजन बंधाकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. बंध किती ताकदीचा आहे, हा प्रश्न इथे दुय्यम ठरतो. तो कुठे आहे, कोणत्या दिशेला आहे आणि त्यासाठी रांगेत आणखी कोण उभं आहे, यावर सगळं ठरतं.

हायड्रोजन बंधाची शाळेतली ओळख पाण्यापासून होते. ऑक्सिजन, नायट्रोजन, फ्लुओरिन यांसारख्या इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या अणूला चिकटलेला हायड्रोजन काहीसा उघडा पडतो, आणि शेजारच्या रेणूतला इलेक्ट्रॉनसंपन्न अणू त्याला आपल्याकडे खेचतो. हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळतं, तर त्याच्याहून हलकं पाणी १०० अंशांना. हा फरक या बंधाचा. दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांपासून बनणारं इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. तेच अणू वेगळ्या पद्धतीने जोडले की डायमेथिल ईथर बनतं आणि ते उणे २४ अंशांनाच वायू होतं, कारण त्याच्यापाशी बंध करायला मोकळा हायड्रोजन नाही. या उदाहरणांतून मनात एक सूत्र पक्कं बसतं : हायड्रोजन बंध हा डिंक आहे, तो वाढला की द्रव घट्ट होतो आणि काढला की पातळ. पुढे या बंधाची व्याख्या रुंदावली. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०११ साली नवी व्याख्या स्वीकारली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन आणि गौतम देसिराजू यांचा ती घडवण्यात मोठा वाटा होता. या व्याख्येने कार्बनला चिकटलेल्या हायड्रोजनलाही, पुरेसा पुरावा असेल तर, बंधाचा मान दिला. आयनिक द्रवांसाठी ही मोकळीक महत्त्वाची ठरली, कारण त्यांतला बहुतेक वाद कार्बनवरच्याच एका हायड्रोजनभोवती फिरतो.

तो हायड्रोजन इमिडॅझोलियम नावाच्या धन आयनात असतो. पाच अणूंचं एक चपटं कडं, त्यात दोन नायट्रोजन आणि तीन कार्बन. दोन्ही नायट्रोजनांच्या मधोमध बसलेला कार्बन हा क्रमाने दुसरा. दोन्हीकडून नायट्रोजन इलेक्ट्रॉन ओढत असल्यामुळे या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन इतर कार्बन-हायड्रोजन जोड्यांपेक्षा अधिक उघडा असतो. हा आयन असलेलं मीठ जड पाण्यात ठेवलं तर हाच हायड्रोजन हळूहळू निघून त्याच्या जागी ड्युटेरियम येतं, शेपटीतले हायड्रोजन मात्र जागचे हलत नाहीत. तीव्र अल्क घातला तर तो पूर्णच निघून जातो. केनेथ सेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या मिठांच्या स्फटिकरचना तपासल्या, तेव्हा क्लोराइडच्या कुळातले हॅलाइड आयन या हायड्रोजनच्या अपेक्षेपेक्षा जवळ आलेले दिसले. चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटातही तेच दिसतं : सोबत क्लोराइड असेल तर या हायड्रोजनची खूण साधारण साडेदहा पीपीएमच्या आसपास उमटते, आणि ट्रायफ्लिमाइडसारखा उदासीन वृत्तीचा ऋण आयन असेल तर ती साडेआठ-पावणेनऊच्या आसपास राहते. हायड्रोजन जेवढा कोणी आपल्याकडे ओढून घेईल तेवढी ही खूण सरकते. याला हायड्रोजन बंध म्हणायचं की नुसती प्रभारांची जवळीक, यावर त्या काळात बरीच खडाजंगी झाली. आज बहुतेक संशोधक याला बंध मानतात. मात्र या बंधाचा परिणाम काय, हा वाद त्यानंतरही चालू राहिला.

परिणाम पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे बंध काढून टाकायचा. दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून तिथे मेथिल गट बसवला की बंधाची सगळ्यात पक्की जागा नाहीशी होते आणि बाकीचा आयन जवळजवळ तसाच राहतो. डिंकाचं सूत्र लावलं तर असा द्रव पातळ व्हायला हवा आणि त्याचा वितळबिंदू खाली यायला हवा. प्रत्यक्षात उलटं घडतं. लोझानमधल्या बोनोट, ग्रेट्झेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली केलेली मोजणी या बाबतीत पुरेशी बोलकी आहे. ट्रायफ्लिमाइडसोबतच्या एथिल-मेथिल इमिडॅझोलियमचा दाटपणा २० अंशांना ३४ सेंटीपॉइज निघाला. त्याच्या दुसऱ्या कार्बनवर मेथिल बसवल्यावर तो ८८ झाला. तुलनेसाठी, त्याच तापमानाला पाण्याचा दाटपणा सुमारे १ असतो. वितळबिंदूही वरच सरकला. इतर ऋण आयनांच्या जोडीने बनवलेल्या द्रवांतही हाच कल दिसत गेला. म्हणजे गाठ सोडली आणि दोर अधिकच आवळला गेला. हा निकाल एखाद्या मोजणीतली चूक असता तर विसरून जाता आला असता. पण तो पुन्हापुन्हा मिळतो, आणि म्हणूनच तो डिंकाच्या सूत्राला सुरुंग लावतो.

जर्मनीतल्या रोस्टॉक विद्यापीठातले राल्फ लुडविग यांनी २००८ साली यावर एक धीट उत्तर मांडलं : आयनिक द्रवात हायड्रोजन बंध द्रवाला सैल करतो. हे विधान पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण त्यामागचं कारण साधं आहे. प्रभारांची ओढ म्हणजे गूळ आणि मुंगळे. मुंगळा कुठल्याही बाजूने आला तरी गूळ त्याला सारखाच गोड. धन आयनाभोवती ऋण आयन सगळ्या बाजूंनी गोळा होतात, त्यांच्याभोवती पुन्हा धन आयन, आणि अशी एकसारखी, सर्वांगी विणलेली जाळी तयार होते. एकसारखेपणामुळेच ती भक्कम असते. हायड्रोजन बंध मात्र बटण आणि काजं यांच्यासारखा आहे. काजं असेल तिथेच बटण लागतं आणि ते एका ठरावीक कोनातच बसतं. ऋण आयन त्या एका जागी ओढला गेला की इतर बाजूंची समतोल रचना बिघडते. विणीतला एक टाका खेचला की शेजारचे टाके ढिले पडतात, तसं. जाळीत असे दोष ठिकठिकाणी पेरले गेले की ती सहज सरकते आणि सहज वितळते. बंध स्वतः ओढणाराच आहे. पण त्याहून कितीतरी मोठ्या, दिशाहीन ओढीच्या सुबकपणात तो खोडा घालतो, आणि द्रवाच्या हिशेबात हा खोडाच मोठा ठरतो.

या स्पष्टीकरणाला पहिला आक्षेप असा, की मेथिल बसवल्याने केवळ बंधच जात नाही, इतरही बरंच काही बदलतं. हा आक्षेप वजनदार आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या पॅट्रिशिया हंट यांनी २००७ सालीच गणिती प्रतिरूपांवरून दाखवलं होतं की हायड्रोजन असताना ऋण आयनाला कड्याभोवती बसायला अनेक जागा मिळतात, समोर, वर, बाजूला. मेथिल आला की त्यातल्या काही जागा बंद होतात आणि शेपटीचं वळणंही अवघड होतं. म्हणजे द्रवातली अव्यवस्था घटते, आणि अव्यवस्था घटली की स्फटिकाकडे जाणं सोपं होतं. जर्मनीतल्याच दुसऱ्या एका गटाने २०१० मध्ये वर्णपटांवरून असा मुद्दा मांडला की कड्यातल्या इलेक्ट्रॉनांची वाटणीच बदलते, म्हणून केवळ ‘दोषां’नी सगळं समजत नाही. ऑस्ट्रेलियातल्या इझगोरोदिना, मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी आणखी एक बाजू दाखवली : हायड्रोजन असताना ऋण आयनाला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्याचा चढ बुटका असतो, मेथिल आल्यावर तो उंचावतो. हे तिन्ही गट लुडविग यांच्याशी तपशिलात भांडतात. पण नीट पाहिलं तर डिंकाच्या सूत्राकडे परत कोणीच जात नाही. कोणी जागा मोजतो, कोणी चढ मोजतो, कोणी दोष मोजतो. म्हणजे दाटपणाचं उत्तर सगळेच आयनांच्या मांडणीत शोधतात, एकट्या बंधाच्या ताकदीत कोणी शोधत नाही. लुडविग यांचं विधान जसंच्या तसं टिकेल की नाही, हा पुढचा प्रश्न आहे. हायड्रोजन काढल्याने द्रव पातळ होईल ही अपेक्षा मात्र टिकत नाही.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. वायुरूपात असलेली धन-ऋण आयनांची एकटी जोडी फोडायला मोलमागे ३०० ते ४०० किलोज्यूल ऊर्जा लागते. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध मात्र २० किलोज्यूलच्या आसपासचा. एवढ्या मोठ्या रकमेत ही चिल्लर काय बदल घडवणार? हा आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतो, की द्रवाचं वागणं एकूण रकमेवर ठरतं. तसं नसतं. द्रवात वाहणं म्हणजे आयनांनी पूर्ण विलग होणं नव्हे. एक शेजारी सोडून दुसरा शेजारी धरणं, एवढाच त्याचा अर्थ. प्रभारांची मोठी ओढ जुन्या मांडणीत असते तशी नव्या मांडणीतही असते. वजाबाकी केली की तिचा बराचसा भाग दोन्हीकडून कटून जातो आणि उरतो तो लहान फरक. ज्या आकड्याला दिशा आहे, तोच या उरलेल्या फरकात बोलतो. दोन घरांचं भाडं सारखंच असेल तर माणूस पाण्याची सोय कुठे आहे ते पाहून घर निवडतो. त्या निवडीत भाडं मोठं असूनही निर्णायक ठरत नाही. याचा सगळ्यात चकित करणारा पुरावा लुडविग आणि अ‍ॅने क्नोर यांनी २०१५ साली पुढे आणला. धन आयनाच्या शेपटीच्या टोकाला हायड्रॉक्सिल गट बसवला आणि सोबतीला दुबळी ओढ असलेला ऋण आयन दिला, तर काही धन आयन एकमेकांशीच हायड्रोजन बंध करतात. दोन्हीकडे धन प्रभार, म्हणजे ते एकमेकांना ढकलणारच. तरीही बंधांची साखळी एकमेकांना बळ देत त्यांना धरून ठेवते. आकड्यांच्या हिशेबात हरलेला बंध इथे जागेच्या हिशेबात जिंकतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड, आणि त्यासाठी परत वाल्डेन यांच्या मिठाकडे जावं लागतं. एथिल अमोनियम आयनाच्या नायट्रोजनवर तीन हायड्रोजन असतात आणि नायट्रेटवर तीन ऑक्सिजन. देणारे तीन, घेणारे तीन. त्यामुळे या द्रवात पाण्यासारखं त्रिमितीय जाळं उभं राहतं. इतकं पाण्यासारखं, की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फेनेल इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी साबणासारख्या रेणूंचे पुंजके या मिठातही बनतात हे दाखवलं. तोवर ही करामत पाण्याची खासियत समजली जाई. मग हायड्रोजन बंध सैल करतो म्हणायचं आणि इथे मात्र तो जाळं विणतो म्हणायचं, हा दुटप्पीपणा नाही का? याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या रॉब अ‍ॅटकिन, ग्रेग वॉर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली न्यूट्रॉनांच्या विकिरणातून दिलं. या प्रकारच्या मिठांतले सगळे बंध सारखे नसतात. काहींत ते आखूड आणि सरळ रेषेत असतात. एथिल अमोनियम नायट्रेटमध्ये मात्र ते लांबलेले, वाकलेले, एका हायड्रोजनवर दोन-दोन ऑक्सिजनांनी हक्क सांगावा असे फाटे फुटलेले असतात. द्रवाचे गुण या घडणीशी जुळतात. केवळ बंधांची मोजदाद करून ते सांगता येत नाहीत. तेव्हा ‘हायड्रोजन बंध घट्ट करतो की सैल?’ हा प्रश्नच चुकीच्या पद्धतीने विचारलेला आहे. जाळं सरळ आणि सर्व बाजूंनी पुरं झालं तर तो बांधतो. एकाच बाजूला, एकाच टोकाशी आला तर तो समतोल मोडतो. वाकला, फाटे फुटले, तर जाळं असूनही ते सरकतं राहतं. बंध तोच, घडण वेगळी.

इथवर द्रवाच्या अंतरंगाची गोष्ट झाली. या विचाराची खरी परीक्षा मात्र द्रवात दुसरं काही घातल्यावर होते, आणि तिथे सेल्युलोजपेक्षा चांगलं उदाहरण नाही. कापूस पाण्यात कितीही उकळा, तो विरघळत नाही. तसं नसतं तर सुती कपडे धुणंच अशक्य झालं असतं. ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या आपल्या हायड्रॉक्सिल गटांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की ब्युटिल-मेथिल इमिडॅझोलियम क्लोराइड हे मीठ सेल्युलोजला विरघळवतं, १०० अंशांना वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत आणि मायक्रोवेव्हची मदत घेतली तर २५ टक्क्यांपर्यंत. धन आयन तोच ठेवून क्लोराइडऐवजी टेट्राफ्लुओरोबोरेट किंवा हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट घेतला, तर मात्र काही विरघळत नाही. प्रभार तेवढाच, मीठच, द्रवच, तरी एक कामाचा आणि दुसरा निरुपयोगी. फरक असा, की क्लोराइड हायड्रोजन स्वीकारायला भुकेला असतो आणि बाकीचे दोघे जवळजवळ उदासीन. पुढे त्याच गटाने अनुस्पंदनाच्या मोजणीतून क्लोराइड आणि हायड्रॉक्सिल यांची साधारण एकास एक जोडी लागत असल्याचं सांगितलं. साखळ्या एकमेकींशी जो बंध करत होत्या तो आता त्या क्लोराइडशी करतात, आणि सुटतात.

यावरही एक आक्षेप आहे. स्वीडनच्या ब्यॉर्न लिंडमन यांनी सांगितलं की सेल्युलोज न विरघळण्याचं कारण फक्त हायड्रोजन बंध नाहीत. साखळीच्या चपट्या बाजू पाण्याला नाखूश असतात आणि एकमेकींवर थर रचतात, हेही तितकंच महत्त्वाचं. हे मान्य करायला हरकत नाही. इमिडॅझोलियमचा मोठा, सेंद्रिय स्वभावाचा धन आयन कदाचित नेमक्या त्याच बाजूंशी जुळवून घेत असेल. पण धन आयन न बदलता केवळ ऋण आयन बदलून विद्राव्यता शून्यावर येते, याचा अर्थ कुलूप कितीही गुंतागुंतीचं असलं तरी किल्ली हायड्रोजन बंधाच्या हातात आहे. आणि किल्ली त्याच्याच हातात आहे, याचा उलटा पुरावा पाणी देतं. त्याच प्रयोगात पाण्याचं प्रमाण सुमारे १ टक्क्याच्या वर गेलं की विरघळवण्याची ताकद घसरली. भरपूर पाणी ओतलं तर सेल्युलोज पुन्हा घनरूपात बाहेर पडतो. क्लोराइड पाण्याशीही तितक्याच आवडीने बंध करतो, आणि रांगेत पाणी पुढे घुसलं की सेल्युलोज मागे राहतो. फिनलंडमधल्या आल्टो आणि हेलसिंकी विद्यापीठांत विकसित झालेली आयनसेल ही धागा काढण्याची पद्धत याच गुणावर चालते. तिथे ऋण आयन म्हणून अ‍ॅसिटेट असतो. लाकडाचा लगदा मिठात विरघळवायचा, बारीक छिद्रांतून पाण्यात सोडायचा आणि धागा गुंडाळून घ्यायचा. २०१८ साली फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात तिथल्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी येनी हाउकियो यांनी बर्चच्या लाकडापासून असा बनवलेला पोशाख घातला होता.

ही रांगेची कल्पना धन आयनाच्या बाजूनेही लागू पडते. टॉम वेल्टन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली डील्स-आल्डर अभिक्रियेत ती तपासली. या अभिक्रियेत एका घटकातल्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंध मिळाला तर उत्पादनाच्या दोन रूपांपैकी एकाकडे कल वाढतो. तो बंध देणारा दुसऱ्या कार्बनवरचाच हायड्रोजन. पण सोबत क्लोराइडसारखा भुकेला ऋण आयन असेल तर हायड्रोजन आधीच गुंतलेला असतो आणि अभिक्रियेच्या वाट्याला येत नाही. ऋण आयन उदासीन असला तरच हायड्रोजन मोकळा सापडतो. म्हणजे देणाऱ्याची ताकद एकट्याने काही ठरवत नाही, घेणारा कोण आहे हेही पाहावं लागतं. इथे पुण्याचा एक निष्कर्ष आठवतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या श्रद्धा तिवारी आणि अनिल कुमार यांनी २००६ साली दाखवलं की या अभिक्रिया सामान्य तापमानाला आयनिक द्रवांपेक्षा साध्या पाण्यात जास्त वेगाने होतात. आयनिक द्रवांचं कौतुक ऐन भरात होतं तेव्हाचा हा निष्कर्ष आहे, आणि तो या लेखाच्या मुद्द्याला सावध करतो : बंध नेमक्या जागी असला तरी द्रव काकवीसारखा दाट असेल, तर रेणूंना एकमेकांपर्यंत पोचायलाच वेळ लागतो.

बंधाला नसलेलं श्रेय देणंही टाळायला हवं. इमिडॅझोलियमच्या द्रवांत कार्बन डायऑक्साइड चांगला विरघळतो. काही काळ याचं श्रेय दुसऱ्या कार्बनवरच्या हायड्रोजनला दिलं गेलं. २००४ साली अमेरिकेतल्या ब्रेनेके, मॅगिन आणि सहकाऱ्यांनी तोच मेथिलचा प्रयोग करून पाहिला, तेव्हा विद्राव्यतेत फारसा फरक पडला नाही. तिथे मुख्य सूत्रं ऋण आयनाकडे होती. आयनिक द्रव सहसा वाफ होऊन उडत नाहीत, हेही प्रभारांचं काम आहे. आणि तेही कायमचं नव्हे, कारण २००६ साली यांतल्या काही द्रवांचं निर्वातात, चढ्या तापमानाला ऊर्ध्वपातन करून दाखवण्यात आलं. जिथे द्रवात विरघळायला आलेल्या पाहुण्याला हायड्रोजनची गरजच नाही, तिथे हायड्रोजन बंध गप्प बसतो. हा मुद्दा सिद्धांताला छेद देत नाही, त्याची हद्द आखून देतो. बंधाचा प्रभाव तिथेच दिसतो, जिथे एकाच हायड्रोजनवर किंवा एकाच ऋण आयनावर दोघांचा दावा असतो, नाहीतर मांडणी एका अंगाला झुकलेली असते.

हद्दीच्या अलीकडचं एक उदाहरण तर शेतकऱ्याच्या ओळखीचं आहे. युरियाची गोणी सगळ्यांनीच पाहिलेली असते आणि कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. पहिला १३३ अंशांना वितळतो, दुसरा ३०२ अंशांना. लेस्टर विद्यापीठातल्या अँड्र्यू अ‍ॅबट यांनी २००३ साली दोन भाग युरिया आणि एक भाग कोलीन क्लोराइड एकत्र करून पाहिलं. दोन पांढऱ्या भुकट्यांचा पारदर्शक द्रव झाला आणि त्याचा वितळबिंदू १२ अंश नोंदला गेला, योगायोगाने वाल्डेन यांचाच आकडा. युरिया हा आयन नाही, म्हणून याला काटेकोर अर्थाने आयनिक द्रव म्हणत नाहीत. पण कारण आपल्या ओळखीचंच आहे : कोलीनसोबत स्फटिकात अडकलेल्या क्लोराइडला युरिया आपले हायड्रोजन देऊ करतो, क्लोराइडचं लक्ष विभागलं जातं आणि स्फटिकाची घडी मोडते. जास्त बंध आले आणि पदार्थ वितळला. काळजीपूर्वक कोरड्या केलेल्या मिश्रणाचा वितळबिंदू नंतरच्या मोजण्यांत याहून बराच वर निघाला. क्लोराइडच्या रांगेत हवेतली ओल आधीच येऊन उभी राहिलेली असते, ती मोजणीतही शिरते.

ही ओल या विषयातली सगळ्यात खर्चिक बाब आहे. ज्या भुकेपोटी क्लोराइड आणि अ‍ॅसिटेट कापूस विरघळवतात, त्याच भुकेपोटी ते पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतात. धागा पाण्यात सोडून बाहेर काढला की मीठ पाण्यात मिसळतं, आणि ते पुन्हा वापरायचं तर ते पाणी उडवावं लागतं. तिथे हाच बंध पाण्याला सोडायला तयार नसतो. ऋण आयन बदलून पाण्याची ओढ कमी करावी, तर सेल्युलोजही सुटून जातो. ही अडचण अधिक ताकदवान बंध शोधून सुटणारी नाही, कारण अधिक ताकदीने पाणीही अधिकच चिकटेल. साखळीच्या हायड्रॉक्सिलला धरेल पण पाण्याला सहज सोडेल, असा ऋण आयन हवा. म्हणजे पुन्हा प्रश्न ताकदीचा नाही, घडणीचा आणि निवडीचा आहे. वाल्डेन यांच्या एका बाटलीपासून आज हजारो आयनिक द्रवांपर्यंत मजल गेली आहे, आणि आयनांच्या जोड्या लावून त्याहून कितीतरी जास्त बनवता येतील. त्यांतून कामाचा द्रव निवडताना बंधांची बेरीज फारशी कामी येत नाही. हायड्रोजन कुठे बसला आहे, त्याला घेणारा कोण आहे आणि त्या दोघांच्या मध्ये येऊ पाहणारं पाणी किती दूर ठेवता येईल, एवढं सांगता आलं की द्रव दाट निघेल की पातळ आणि कापूस विरघळेल की नाही, याचा अंदाज प्रयोगाआधीही बराच बरोबर ठरतो.